मामांनी पेरूहून आणलेले भांडे, कापड आणि लाकडी पेला: पावसाळ्यात जतन कसे करावे, आणि संग्रह वाढवावा का?

सुरंगी (वेंगुर्ले)

सर्वांना नमस्कार. माझे मोठे मामा व्यापारी जहाजावर इंजिन विभागात नोकरीला होते. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांचे जहाज पेरूच्या कायाओ बंदरात दुरुस्तीसाठी थांबले, तेव्हा त्यांनी तिथे तीन वस्तू विकत घेतल्या. मामींनी आता घर आवरताना त्या माझ्या स्वाधीन केल्या आहेत.

पहिली वस्तू म्हणजे वीतभर उंचीचे, काळे, चकचकीत मातीचे भांडे. त्याच्या पोटातून दोन पोकळ नळ्या निघून कमानीसारख्या एकत्र येतात, वर एकच तोटी आहे आणि कमान व तोटी यांच्या सांध्यावर बोटाच्या पेराएवढे माकड बसले आहे. दुसरी वस्तू म्हणजे विरळ विणीच्या सुती कापडाचा तुकडा. त्यावर पक्ष्यांच्या रांगा असून तो काचेच्या चौकटीत हार्डबोर्डवर चिकटवलेला आहे. तिसरी वस्तू लाकडी पेला आहे. तो वर रुंद होत गेलेला असून त्यावर लाल-पिवळ्या रंगांत माणसे आणि फुले आहेत.

या पावसाळ्यात भांड्याच्या पोटावर पांढरी पूड दिसू लागली, कापडावर काचेलगत तपकिरी डाग पडले आणि पेल्याखाली लाकडाचा बारीक भुसा सापडला. हे कसे थांबवावे, हा माझा पहिला प्रश्न. वस्तू अस्सल आहेत का, हे कसे ओळखावे, हा दुसरा. तिसरा प्रश्न असा की, या वस्तूंमुळे मला पेरूच्या प्राचीन संस्कृतींची खरोखर ओढ लागली असून आमच्या शाळेतील मुलांना दाखवता येईल असा एक लहानसा संग्रह करावा असे वाटते. परदेशातील एक विक्रेता दोन तोट्यांचे रंगीत नाझका भांडे (नाझका ही पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्राचीन संस्कृती) परवडेल अशा किमतीत देऊ करतो आहे. ते 'युरोपातील जुन्या खासगी संग्रहातील' आहे, एवढेच तो सांगतो. घ्यावे का?

वस्तुजतन (रत्नागिरी)

मी संग्रहालयातील वस्तूंच्या जतनाचे काम करतो, म्हणून आधी पावसाळ्याचे सांगतो.

पेरूच्या किनाऱ्यावर समुद्राला लागूनच वाळवंट आहे. हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्यालगत वाहत असल्यामुळे तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि म्हणूनच दोन-दोन हजार वर्षांपूर्वीचे कापडसुद्धा तिथल्या वाळूत रंगासकट टिकून राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणा नव्वद टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे या वस्तूंना जगात जी हवा सर्वांत कमी मानवेल, नेमक्या त्या हवेत त्या येऊन पोहोचल्या आहेत.

भांड्यावरील पांढरी पूड बहुधा क्षारांची आहे. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो, तशीच ही क्रिया आहे. खारट वाळूत पुरलेल्या भांड्याच्या मातीत क्षार मुरलेले असतात. दमट हवेत ते विरघळतात, हवा कोरडी झाली की पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक बनतात आणि ते वरच्या घोटलेल्या थराचे पापुद्रे सोडवतात. मात्र एवढ्यावरून भांडे प्राचीन ठरत नाही, कारण समुद्राजवळच्या घरात खारे वारेही तोच परिणाम करू शकतात. पूड मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच झाडावी. भांडे नळाच्या पाण्याखाली मुळीच धरू नये. शुद्ध पाण्यात टप्प्याटप्प्याने क्षार काढण्याची पद्धत आहे, पण पृष्ठभाग तपासल्याशिवाय ती कोणी घरी करू नये. तूर्त घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक ठेवून भांडे त्यात ठेवावे. जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरावे. दमटपणा वरखाली होऊ न देणे हे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे.

कापडाची मला अधिक काळजी वाटते. हार्डबोर्ड आणि डिंक यांतील आम्लामुळे धागा ठिसूळ होतो, आणि कापड काचेला टेकलेले असेल तर तिथे ओल धरून बुरशी येते. ते स्वतः सोडवू नका, धुऊ नका आणि आपल्याकडे पावसाळा सरल्यावर कपडे उन्हात घालतात तसे उन्हातही ठेवू नका. डांबराच्या गोळ्याही कापडाला लागून ठेवू नयेत. चौकट आडवी ठेवावी, धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटाने झाकावी आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जतन केंद्राकडे छायाचित्रांसह विचारणा करावी.

पेल्यातून भुसा पडतो म्हणजे आत कीड जिवंत असण्याची शक्यता आहे. पेला इतर दोन वस्तूंपासून वेगळा करून बंद पिशवीत काळ्या कागदावर ठेवा आणि ताजा भुसा पडतो का ते पाहा. आपल्याकडे लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची पद्धत आहे. ती होडीला आणि वाशांना योग्य असली तरी या रंगांवर ते तेल गेले तर परत निघणार नाही.

जुना दर्यावर्दी (देवगड)

सुरंगीताई, त्या काळी दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत जहाज लागले की भांडी, कापडाचे तुकडे आणि बाहुल्या घेऊन विक्रेते धक्क्यापर्यंत येत असत. त्यांत अस्सल वस्तूंच्या शेजारीच त्याच आठवड्यात घडवलेल्या वस्तूही असत, आणि विक्रेता दोन्हींचे वर्णन एकाच शब्दांत करीत असे. म्हणून तुमच्या मामांनी किती पैसे दिले यावरून काहीच अनुमान काढू नका.

मात्र मामांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची अधिकृत पुस्तिका, जपून ठेवा. तिच्यात ते कोणत्या जहाजावर कधी चढले आणि कधी उतरले याच्या नोंदी व शिक्के असतात. त्यांनी कायाओहून पाठवलेले पत्र, पाकिटावरचा टपालाचा शिक्का, वस्तू घरात मांडलेल्या असतानाचे जुने छायाचित्र, जे सापडेल ते एका ठिकाणी करा. मामींना जे आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्याखाली तारीख घालून त्यांची सही घ्या. हे काम आजच करण्यासारखे आहे, कारण वस्तू थांबू शकतात, पण आठवण सांगणारे माणूस आपल्यासाठी कायम असेल असे नाही.

ताणाबाणा (सावंतवाडी)

कापड काचेतूनही बरेच काही सांगते. प्राचीन अँडीज प्रदेशातील विणकर कमरेच्या पट्ट्याने ताणलेल्या मागावर कापड हवे त्या मापाचेच विणत असत. ते कापून बेतण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे पूर्ण कापडाला चारही बाजूंनी विणलेली किनार असते. तुमच्या तुकड्याची एखादी जरी मूळ किनार शिल्लक असेल तर भिंगाने पाहा. विरळ, जाळीदार विणीवर पक्षी किंवा मासे यांच्या रांगा हे वर्णन लिमाच्या उत्तरेकडील चांकाय संस्कृतीशी जुळते. तिचा काळ साधारण इ.स. १००० ते १४७०.

पक्षी विणीतून किंवा भरतकामातून आले आहेत की वरून रंगवलेले आहेत, हे मुद्दाम तपासा. वाळवंटातील थडग्यांतून निघालेल्या साध्या, कोऱ्या प्राचीन कापडावर आज नक्षी रंगवून ते विकण्याचा प्रकार चालतो. अशा कापडाच्या धाग्याचे कार्बन कालमापन केले तर उत्तर प्राचीनच येते, कारण धागा खरोखर प्राचीन असतो. रंग जिथे धाग्याच्या तुटलेल्या टोकांवरून किंवा झिजलेल्या भागावरून गेलेला दिसेल, तिथे संशय घ्यावा. त्या बाजारांत 'चांकाय बाहुल्या' म्हणून जे विकले जाते, त्यातले पुष्कळसे प्राचीन कापडाच्या चिंध्या कापून अलीकडे शिवलेले असते. हातमागाचे काम करणाऱ्या मला याचे फार वाईट वाटते, कारण त्या एका बाहुलीसाठी कोणाच्या तरी प्रेताभोवती गुंडाळलेले वस्त्र फाडलेले असते.

उत्खनन (दापोली)

आधी ओळखीविषयी थोडे. कमानदार तोटी, काळा रंग आणि सांध्यावरचे माकड ही प्राचीन चिमू लोकांच्या भांड्यांची नेहमीची लक्षणे आहेत. चिमूंची राजधानी चान चान ही पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर होती आणि इ.स. १४७० च्या सुमारास इंका साम्राज्याने त्यांना जिंकले. भट्टीत हवा कोंडून, धुरात भाजल्यामुळे ही भांडी काळी होतात. ती साच्यातून काढलेली असत, पण आजच्या प्रतिकृतीही साच्यातूनच काढतात, म्हणून आकारावरून निर्णय होत नाही. तळाशी अगदी लहान छिद्र पाडून केलेली उष्मादीप्ती चाचणी शेवटची भाजणी केव्हा झाली ते सांगते. पेल्याविषयी मात्र मी स्पष्ट सांगू शकतो. अशा पेल्याला केरो म्हणतात, आणि ते मक्याची दारू पिण्यासाठी जोडीने बनवत. इंका काळातील केरोंवर बहुतेक कोरीव भौमितिक रेषा असतात. माणसे आणि फुले रंगांत आली ती १५३२ च्या स्पॅनिश स्वारीनंतर. त्यामुळे तुमचा पेला एक तर वसाहतकाळातील आहे किंवा त्या शैलीची नक्कल आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न. नाझका भांडे घेऊ नका, ही माझी विनंती आहे, आणि तिचे कारण उत्तर पेरूतील सिपानच्या उदाहरणाने सांगतो.

चिमूंच्या आधी त्याच उत्तर किनाऱ्यावर राहणाऱ्या मोचे लोकांच्या भांड्यांवर तांबड्या रेषांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवलेला दिसतो: बंदिवानांचा बळी दिला जातो आणि भव्य शिरोभूषण घातलेल्या एका पुरुषाला पेला अर्पण केला जातो. हा देव असावा, पुराणकथा असावी, असे अभ्यासक मानत असत. १९८७ मध्ये सिपान गावाजवळच्या विटांच्या टेकाडात लुटारूंनी एक समृद्ध थडगे फोडले. पोलिसांनी कळवल्यावर पुरातत्त्वज्ञ वाल्टर आल्वा तिथे पोहोचले आणि संतप्त गावकऱ्यांचा विरोध सोसून त्यांनी त्याच टेकाडात उत्खनन केले. न फुटलेल्या दालनात जो अधिपती सापडला, त्याच्या अंगावरील शिरोभूषण, कर्णभूषणे आणि हातातील राजचिन्हे त्या चित्रांतील पुरुषाशी जुळली. चित्रांतला प्रसंग माणसांनी प्रत्यक्ष पार पाडलेला विधी होता, हे कळले ते कोणती वस्तू देहाच्या कोणत्या बाजूला, कोणाच्या शेजारी ठेवली होती, हे नोंदवता आले म्हणून. शेजारच्या फोडलेल्या थडग्यातील सोने आंतरराष्ट्रीय बाजारात गेले. त्यातले काही पुढे जप्त झाले, पण ते कोणाच्या अंगावर होते हे आता कोणालाही सांगता येत नाही. अमेरिकेने १९९० मध्ये सिपान भागातील वस्तूंच्या आयातीवर तातडीची बंदी घातली, ती यामुळेच.

कायद्याच्या बाजूनेही पाहा. पेरूने १८२२ मध्येच प्राचीन थडग्यांतील वस्तू परवानगीविना बाहेर नेण्यास मनाई केली आणि १९२९ च्या कायद्याने त्यांवरील राष्ट्राचा हक्क घोषित केला. त्यामुळे 'जुना युरोपीय संग्रह' या शब्दांना कोणाचा, कोणत्या वर्षापासूनचा आणि कोणत्या कागदाच्या आधारे, या उत्तरांशिवाय काहीही अर्थ नाही. विक्रेत्याला हे तीन प्रश्न लेखी विचारा. नाझका भांडी आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या २००७ मधील धोक्यातील पेरुव्हियन वस्तूंच्या तांबड्या यादीत येतात, हेही ध्यानात असू द्या.

मुलांसाठी संग्रह करण्याची तुमची इच्छा मात्र मला मनापासून आवडली. लिमाच्या लार्को संग्रहालयाने आपल्या सुमारे ४५ हजार वस्तूंची सूची छायाचित्रांसह सर्वांना खुली ठेवली आहे. पेरूतील आजचे कुंभार उत्तम प्रतिकृती करतात आणि ती प्राचीन वस्तू नसल्याचा दाखला तिथले संस्कृती खाते देते. तशी चार भांडी मुलांच्या हातात देता येतील, तोटीला तोंड लावून पाणी पिता येईल. खऱ्या नाझका भांड्याला त्यांना हातही लावता आला नसता.

सुरंगी (वेंगुर्ले)

आपणा सर्वांचे आभार. विक्रेत्याला ते तीन प्रश्न पाठवले होते. त्याने उत्तराऐवजी किंमत कमी केली, म्हणून तो व्यवहार मी सोडून दिला आहे. तपासणीत मामांचे भांडे आणि कापड अस्सल निघाले, तर ते पेरूला परत द्यावे असे मामींचे मत आहे. ते टपालाने पाठवता येईल का?

उत्खनन (दापोली)

टपालाने नाही. आपल्याकडील १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आणि त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. त्यामुळे चांगल्या हेतूनेही ती खासगीरीत्या पाठवू नये. नवी दिल्लीतील पेरूच्या दूतावासाला छायाचित्रे, मापे, मामांच्या सीडीसीच्या प्रती आणि मामींचे निवेदन जोडून पत्र लिहा, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणालाही त्याची प्रत द्या. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहराने आपल्याकडील ८९ पाराकास वस्त्रे (पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्राचीन पाराकास संस्कृतीची) पेरूला परत करण्याचा करार २०१४ मध्ये केला, तेव्हा ती नाजूक वस्त्रे हलवायची असल्यामुळे त्यांची परतणी अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले होते. तुमचे कापडही हार्डबोर्डवरून सुटल्याशिवाय प्रवासाला निघू नये, हे पत्रात स्पष्ट लिहा.