मदत हवी आहे : रात्री सिझेरियनसाठी आम्हा दोघांनाही जावे लागते, तेव्हा मुलांना कोणाजवळ ठेवावे?

नमस्कार.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझे यजमान भूलतज्ज्ञ आहेत. बेळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही दोघेही गेली तीन वर्षे नोकरी करीत आहोत. तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथे प्रत्येक विषयाचा एकेकच तज्ज्ञ असल्यामुळे नाव लिहिले की आम्ही कोण हे लगेच कळेल, आणि माझा हेतू कोणाची तक्रार करण्याचा नाही. मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि मुलगा चौदा महिन्यांचा.

दिवसाची व्यवस्था लागलेली आहे. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत एक कन्नड बोलणाऱ्या बाई येतात, मुले त्यांना अक्का म्हणतात, आणि मुलाने ‘आई’च्या आधी ‘अक्का’ म्हणायला सुरुवात केली याचे मला वाईट वाटले नाही, उलट तो त्यांच्याजवळ रमतो याचा दिलासाच वाटला. प्रश्न रात्रीचा आहे.

पती-पत्नीची नेमणूक एकाच ठिकाणी व्हावी म्हणून आम्ही स्वतःच अर्ज केले होते, आणि ती मिळाली तेव्हा घरात सर्वांना आनंद झाला होता. त्यातून पुढे काय उद्भवेल हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही. सिझेरियन करायचे म्हटले की शस्त्रक्रिया करणारा आणि भूल देणारा असे दोन्ही डॉक्टर एकाच वेळी लागतात. मी एकटी जाऊन उपयोग नाही, आणि हे एकटे जाऊनही उपयोग नाही. दोघांपैकी एक जण हजर नसेल तर त्या बाईला १०८ च्या रुग्णवाहिकेतून बेळगावला पाठवावे लागते. बाळाचे ठोके घसरत असतील किंवा नाळ बाहेर आली असेल तर निर्णय घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत बाळ बाहेर काढावे असे आम्हाला शिकवलेले असते, आणि आमच्याकडून बेळगावला पोहोचायला पावसाळ्यातील रात्री एक तासाहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे मुले घरी आहेत म्हणून रुग्ण पुढे पाठवणे मला आजवर एकदाही जमलेले नाही, आणि ते जमू नये असेच मला वाटते.

शस्त्रक्रियेला पाऊण तास लागत असला तरी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत दोन ते तीन तास सहज जातात. कण्यातून भूल दिल्यानंतर बाईचा रक्तदाब स्थिर होईपर्यंत यांना हलता येत नाही, बालरोगतज्ज्ञांची जागा रिकामी असल्याने जन्मलेले बाळ रडले नाही तर त्याच्याकडेही यांनाच बघावे लागते, आणि नंतर रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी मी थांबते. महिन्यातून अशा सात-आठ रात्री तरी येतात.

गेल्या मे महिन्यापर्यंत सासूबाई आमच्याजवळ राहत होत्या, म्हणून हे सारे निभावत होते. मे महिन्यात निपाणीजवळच्या आमच्या गावी सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. सासूबाईंना तिकडे जावे लागले, आणि त्यांनी तिथेच असावे हे योग्य आहे. माझी आई बेळगावात वडगावला असते, परंतु तिच्याकडे माझी नव्वदीच्या घरातली आज्जी अंथरुणावर आहे. म्हणजे दोन्ही घरांत आज्ज्या आहेत, पण दोघींचेही हात आधीच गुंतलेले आहेत.

जुलै महिन्यातील एका रात्रीविषयी लिहिते, म्हणजे अडचण नेमकी कळेल. पहाटे दोनच्या सुमारास आधी माझा फोन वाजला आणि मागोमाग यांचा वाजला. बाहेर धो धो पाऊस होता आणि वीज गेलेली होती. आम्ही दोन्ही मुलांना चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेले, मुलीला सिस्टरांच्या खोलीतील बाकावर निजवले आणि मुलाला रात्रपाळीच्या एका सिस्टरच्या खांद्यावर दिले. त्या सिस्टरना प्रसूती कक्षात आणखी दोन बायका पाहायच्या होत्या, तरीही त्यांनी अडीच तास त्याला सांभाळले. आई आणि बाळ सुखरूप राहिले. चार दिवसांनी माझ्या मुलाला ताप आणि जुलाब सुरू झाले. ते दवाखान्यातूनच आले असे मी खात्रीने सांगू शकत नाही, परंतु एवढ्या लहान मुलाला रात्री वॉर्डाशेजारी झोपवू नये हे मी इतर आयांना रोज सांगते.

त्या रात्रीनंतर मुलगी झोपताना बाहेर जायचा फ्रॉक घालून झोपू लागली आहे. चपला ती पलंगापाशी मांडून ठेवते. फक्त बाबांचा फोन वाजला तर ती कूस बदलून पुन्हा झोपते, कारण अपेंडिक्स किंवा हाड मोडलेला रुग्ण असेल तर आई घरी राहते हे तिला समजले आहे. दोन्ही फोन वाजले की ती आम्ही काही बोलण्याआधीच उठून बसते. ती रडत नाही, हट्टही करत नाही, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटते. हा धागा काढण्याचे खरे कारण तेच आहे.

आतापर्यंत केलेले प्रयत्न आणि विचारात असलेले मार्ग सांगते.

ऑगस्टमध्ये जवळच्या खेड्यातील एक बाई रात्री मुक्कामाला येऊ लागल्या होत्या. त्या अतिशय मायाळू होत्या, परंतु दोन महिन्यांनी त्यांच्या लेकीचे पहिले बाळंतपण आले आणि त्या गेल्या. बाळंतपणाला आईने जावे की नाही, हे माझ्यासारखीने त्यांना काय सांगायचे? त्यानंतर ज्या दोघी भेटल्या, त्यांच्या भरवशावर दोन लहान मुले मध्यरात्री सोडून जाण्याइतकी ओळख अजून झालेली नाही.

मुलीला निपाणीला आज्जीजवळ ठेवावे असे काही नातेवाईक सुचवतात. सासूबाई स्वतः मात्र तसे म्हणत नाहीत, कारण सासऱ्यांना उठवणे, बसवणे आणि व्यायाम करून घेणे यातच त्यांचा दिवस जातो. शिवाय भावंडांची ताटातूट करावी असे आम्हा दोघांनाही वाटत नाही.

शासकीय सेवेतील महिलांना कर्नाटकात १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, ती मी दोन्ही वेळा घेतली. त्याखेरीज संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. ती आता सलग घेतली तर सहा महिने या तालुक्यात सिझेरियन होणार नाही, आणि सहा महिन्यांनंतरही मुलगा पावणेदोन वर्षांचाच असेल, म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे राहील. ही रजा मुलांच्या आजारपणासाठी आणि शाळा सुरू होतानाच्या दिवसांसाठी राखून ठेवावी असे माझे मत आहे, पण ते चुकीचे वाटत असेल तर जरूर सांगावे.

कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाने मला विचारले आहे. तिथे माझ्या विषयाचे अनेक डॉक्टर असल्याने रात्रपाळी वाटून येते, आणि निपाणीचे घरही जवळ पडते. त्यासाठी सरकारी नोकरी सोडावी लागेल आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागेल. मन तिकडे ओढत नाही, असे प्रामाणिकपणे लिहिते. ज्या बायका पाच-सहा महिने माझ्याकडे तपासणीला येतात, त्या रात्री कळा सुरू झाल्या की माझेच नाव घेत येतात.

आता ज्या मार्गाविषयी मला विशेष मदत हवी आहे तो असा. आमच्या क्वार्टर्सच्या आवारात आमच्यासारखीच आणखी तीन कुटुंबे आहेत. एका सिस्टरचे यजमान गोव्यात कामाला असतात, त्यांची रात्रपाळी आली की त्यांची आई एसटीने येऊन राहते, आणि गाडी चुकली तर त्या दिवशी सिस्टरांची अर्धी रात्र घोर काळजीत जाते. दुसऱ्या दोन कुटुंबांतही पाच वर्षांखालील मुले आहेत. आवारात एक क्वार्टर वर्षभर रिकामे पडून आहे. ते आम्हाला मिळाले आणि चारही कुटुंबांनी मिळून रात्रीसाठी दोन बाया पगारावर ठेवल्या, तर मुले रोज एकाच ओळखीच्या जागी, दवाखान्याच्या वॉर्डापासून दूर आणि तरीही आमच्यापासून शंभर पावलांवर झोपतील. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. आमच्या राज्यात ग्रामपंचायतींमधून रोजगार हमीवर जाणाऱ्या मजूर आयांच्या मुलांसाठी ‘कूसिन मने’ ही पाळणाघरे सुरू झाली आहेत, आणि तिथल्या बाळांचे वजन घेण्यासाठी मी स्वतः गेलेले आहे. परंतु हे सारे दिवसा काम करणाऱ्या आईचा विचार करून बेतलेले आहे. रात्री काम करणाऱ्या सिस्टर आणि डॉक्टर आयांसाठी कोणी काही उभे केले असेल, तर त्यांचा अनुभव मला हवा आहे.

नेमके विचारायचे ते असे. अशी रात्रीची खोली कोणी चालवली आहे का, आणि ती सरकारी आवारात असेल तर परवानगी कोणत्या स्वरूपात मागितली? काही अनुचित घडले तर जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी ठरवले होते का? खर्च समान वाटावा असे सिस्टर स्वाभिमानाने म्हणतात, परंतु त्यातील एकजणी कंत्राटी आहेत आणि त्यांचा पगार आमच्या पगाराच्या पावपटही नाही, तेव्हा त्यांना कमीपणा न वाटता आम्ही अधिक भार कसा उचलावा? एखाद्या मुलाला ताप असेल त्या रात्री त्याला कुठे ठेवत होतात? आणि ज्यांची मुले आता मोठी झाली आहेत अशा डॉक्टर किंवा परिचारिका इथे असतील, तर त्यांना एवढेच विचारते की रात्री अर्धवट झोपेतून उठवून नेलेल्या मुलांना पुढे त्याची भीती राहिली का, आणि राहिली असेल तर ती कशी गेली?

भर : दोघांनी प्रतिसादात विचारले आहे की मी रात्रीचे काम सोडून केवळ बाह्यरुग्ण विभाग का सांभाळत नाही. तसे केले तर रात्रीची सिझेरियने थांबतील, आणि बाळंतपणे रात्रीच अधिक अडतात असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या एका ताईंनी यजमानांनी काय सोडले असे विचारले, त्याचे उत्तर द्यायला मला आवडेल. बाहेरच्या खासगी रुग्णालयांत भूल देण्याची कामे त्यांनी जूनपासून पूर्ण बंद केली आहेत, आणि मुलाचा रात्रीचा खिमट-भात तेच करून भरवतात. तो माझ्या हातून इतका खात नाही.

आणखी एका ताईंनी क्वार्टरच्या अर्जाबरोबर चारही कुटुंबांच्या रात्रपाळ्यांचा तीन महिन्यांचा तक्ता जोडावा असे सुचवले आहे, ते फार उपयोगाचे आहे आणि आज रात्री बसून तो तयार करणार आहोत. अर्ज कन्नडमध्ये यजमान लिहीत आहेत. तो येत्या सोमवारी मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा आहे, म्हणून परवानगी आणि लेखी जबाबदारी या दोन गोष्टींविषयी कोणाला ठाऊक असेल तर रविवारपर्यंत कळवावे, ही विनंती.