इंग्रजी शीर्षकांतील 'अ' आणि 'द' ठेवावेत की गाळावेत?

प्रश्न: सोलापुरी चादरीच्या इतिहासावर आमच्या महाविद्यालयाची इंग्रजी पुस्तिका निघत आहे. मुखपृष्ठावर 'अ हिस्टरी ऑफ द सोलापूर चादर' असावे की नुसते 'हिस्टरी ऑफ सोलापूर चादर', यावर संपादकांचे एकमत होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: वृत्तपत्रांच्या मथळ्यांत जागा वाचवण्यासाठी उपपदे गाळली जातात, मुखपृष्ठाला ती निकड नसते. 'अ' ठेवल्यास हा अनेक संभाव्य इतिहासांपैकी एक आहे असे सूचित होते, तर 'द हिस्टरी' म्हटल्यास हाच प्रमाण इतिहास असल्याचा दावा होतो, जो महाविद्यालयीन पुस्तिकेला पेलणारा नाही. माझे मत 'अ'च्या बाजूने आहे.

उत्तर २: सहमत आहे. ग्रंथालयाच्या सूचीत वर्णानुक्रम लावताना आरंभीचे उपपद सहसा धरत नाहीत, त्यामुळे तीही अडचण नाही.

उत्तर ३: आतील मथळ्यांत उपपदे गाळली तरी चालेल, परंतु सरसकट नव्हे. 'अ फ्यू लूम्स सर्वाइव' यातील 'अ' काढल्यास काही माग टिकून आहेत याऐवजी माग जेमतेमच उरले आहेत असा सूर लागतो, आणि विणकर वाचकांना तो खटकेल.