सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं: जुळवून घेतलं म्हणजे गाव विकलं का?

धुरेकरी: ‘दोन्ही गट एका ठरावावर आले म्हणजे कमिशन वाटून घेतलं’ ही पोस्ट दोन दिवसांपासून फिरून राहिली. लिहिणाऱ्यानं हिशेब पाहावा. 2022 पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून येतो. तो एका पॅनलचा, नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्याचे. पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. 2021-26 च्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले. मोकळ्या 40 टक्क्यांचा ठराव सहा जणांनी पाडला तर पैसा खात्यातच. मंजूर झाला तरी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आधीचा ग्रामसेवक), दोघांची डिजिटल सही लागते. मग जुळवून न घेता काम होईल कसं?

पांदणवाला: जुळवणं वेगळं, वाटणी वेगळी. वार्ड 1 मध्ये तुझे पेव्हर ब्लॉक, वार्ड 3 मध्ये माझी नाली, झालं एकमत! पांदणीचं, म्हणजे शेतरस्त्याचं, नाव कोणी काढत नाही, काहून की दोन्ही गटांचे धुरे (बांध) पांदणीत सरकलेले. कापूस निघते तेव्हा बंडी आसापर्यंत फसते.

रोहयो_विहीर: पांदण तर एकट्या गटाच्यानं होतच नाही, भाऊ. रोजगार हमीत मजुरी किमान 60 टक्के, साहित्य 40. गिट्टी, मुरूम, रोलर सगळं 40 मध्ये. प्रमाण सांभाळायचं तर आराखड्यात मजुरीची कामं भरपूर लागतात: वृक्षलागवड, बांधबंदिस्ती. ती दुसऱ्या गटाच्या शेतात असतात. अतिक्रमणाचंही तसंच. रस्त्यातला अडथळा काढायले 1906 च्या मामलेदार कायद्याचं कलम 5 आहे, पण तारखा चालू राहतात अन् पेरणी येते. दोन्हीकडचे मोठे शेतकरी आधी मागं सरकले तरच मोजणीच्या खुणा टिकतात.

पांदणवाला: आणि मग मुरूम कसा पडतो, तेही लिहा! काळ्या मातीवर थेट अंथरला की पहिल्या झडीत खाली जाते. आधी माती खरवडायची, गिट्टीचा थर, मग मुरूम, पाणी मारून दबाई, मधात उंच, दोन्ही बाजूंनी नाली. नाली खोदली नाही तर बाकी सगळं वाया. सगळे एक झाले की मोजमाप पुस्तिकेवर बोट ठेवणारा उरत नाही. माझा राग त्याच्यावर आहे.

कोरची रोड: गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात निर्णय सर्वसहमतीनं होतात. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी हिशेब ग्रामसभेसमोर.

पांदणवाला: तिथं अख्खं गाव बसते. इथं ग्रामसभेच्या कोरमच्या सह्या घरोघरी जाऊन घेता. ते उदाहरण इथं लावू नका.

धुरेकरी: कोरमचं खरं आहे, मान्य.

पांदणवाला: मग ठराव एकमतानं करा, माझी हरकत नाही. पण मोजमापाच्या दिवशी दुसऱ्या गटाचा सदस्य टेप धरून पाहिजे, आणि मुरमाचा थर तीन जागी खोदून मोजायचा.