रेड १ असलेला संगणक मधूनमधून मिनिटभर हँग होतो: दोष ड्रायव्हरचा की डिस्कचा?

कणकवली_छपाई

नमस्कार. कणकवलीत आमचा छपाईचा लहान व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबले आणि गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल अशी सगळी कामे ज्या एका संगणकावर होतात, तो अलीकडे काम करता करता हँग होऊ लागला आहे. माउसचा बाण हलत राहतो, पण कुठेही क्लिक केले तरी काही उघडत नाही, कोरलमधली फाइल सेव्ह होत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा एकसारखा पेटलेला राहतो. साधारण मिनिटभराने सगळे आपोआप सुटते आणि मधल्या वेळात केलेले क्लिक एकदम लागू होतात. निळा पडदा येत नाही, संगणक बंदही पडत नाही. टास्क मॅनेजर आधीपासून उघडा ठेवला असता हँगच्या वेळी डिस्कची सक्रिय वेळ १०० टक्के आणि वाचन-लेखनाचा वेग मात्र शून्य असे दिसले.

रचना अशी आहे: विंडोज १० एका साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) एसएसडीवर आहे, आणि कामाच्या फाइलींसाठी २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क मदरबोर्डवरच्या इंटेल रेडने रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा लिहिला जाईल अशा, जोडलेल्या आहेत. बायोसमध्ये साटाची पद्धत 'रेड' अशी आहे. विंडोजचे एक मोठे अपडेट झाल्यानंतर हा त्रास सुरू झाला असे आमच्या ऑपरेटरचे म्हणणे आहे. ज्यांनी संगणक बांधून दिला ते म्हणतात, की डिस्क जुन्या झाल्या, दोन्ही बदला. खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कळावे, एवढीच इच्छा आहे.

रत्नागिरी_सिस्टीम

आपण दिलेली लक्षणे बोलकी आहेत, म्हणून डिस्क विकत घेण्याची घाई करू नये. माउस हलतो याचा अर्थ प्रोसेसर आणि मेमरी जागेवर आहेत; अडकले आहे ते फक्त डिस्ककडून येणारे उत्तर. सक्रिय वेळ १०० टक्के आणि वेग शून्य, याचा अर्थ डिस्क कामात गढलेली आहे असा नसून तिच्याकडे पाठवलेली विनंती परत आलेली नाही असा होतो.

विंडोजमध्ये प्रत्येक विनंतीला एक मुदत असते. डिस्कसाठी ती सहसा ६० सेकंद असते, काही ड्रायव्हरमध्ये त्याहून कमीही असते. तेवढ्या वेळात उत्तर आले नाही, तर स्टोरपोर्ट हा विंडोजचा भाग आधी त्या एका डिस्कला रीसेट देतो, तेवढ्याने भागले नाही तर पुढच्या पायरीवर संपूर्ण बस (डिस्ककडे जाणारा सामाईक मार्ग) रीसेट करतो, आणि थांबलेल्या विनंत्या नव्याने पाठवल्या जातात. म्हणूनच सगळे काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. हँग नेहमी जवळजवळ सारख्याच लांबीचा असेल, तर ती लांबी डिस्कच्या मंदपणाची नसून या मुदतीची आहे असे मी समजतो. खराब होत चाललेली डिस्क अशी घड्याळ लावून अडत नाही. ती कधी पाच सेकंद, कधी चाळीस सेकंद अडते.

आता पुरावा पाहू. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टीम या भागात जा आणि हँगच्या वेळेच्या नोंदी वाचा. क्रमांक १२९ ची सूचना दिसली, आणि तिच्यात रेडपोर्ट ० ला रीसेट दिला असा मजकूर असेल, तर वर सांगितलेली घटना घडली हे नक्की. त्या नोंदीचा स्रोत कोणता लिहिला आहे तेही कळवा, कारण इंटेलच्या ड्रायव्हरचे नाव 'आयएस्टोर' या अक्षरांनी सुरू होते, तर विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरचे नाव 'स्टोरएएचसीआय' असते. त्याखेरीज ७ (खराब ब्लॉक), ११ (कंट्रोलरची चूक) आणि १५३ (विनंती पुन्हा पाठवली) हे क्रमांक आहेत का ते पाहा. नुसते १२९ असेल आणि ७ कुठेच नसेल, तर माझा पहिला संशय ड्रायव्हरवर आणि वीजबचतीच्या सेटिंगवर राहील.

एसएसडीवर विंडोज असूनही हार्ड डिस्कच्या भांडणात सगळा संगणक का अडतो, असा प्रश्न पडेल. बायोसमध्ये 'रेड' निवडले की त्या कंट्रोलरवरची एसएसडीसुद्धा त्याच इंटेल ड्रायव्हरच्या हाताखाली जाते, मग ती रेडमध्ये असो वा नसो. म्हणून दोषी एसएसडीही असू शकते.

अलिबागकर

एवढे खोलात जाण्यापेक्षा बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत एएचसीआय (रेडशिवाय डिस्क चालवण्याची साधी पद्धत) करावी आणि इंटेलचा ड्रायव्हर काढून टाकावा, असे मला वाटते. दोन डिस्कचे मिररिंग विंडोज स्वतः करू शकते. मदरबोर्डवरचे रेड हे तसेही नावापुरते हार्डवेअर असते, सगळे काम ड्रायव्हर आणि प्रोसेसरच करतात.

रत्नागिरी_सिस्टीम

शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, उपायाशी मात्र अजिबात नाही, आणि प्रश्नकर्त्यांनी हा प्रयोग करू नये अशी माझी विनंती आहे.

पहिली अडचण लगेच दिसेल: एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला लोड व्हावा अशी तयारी न करता पद्धत बदलली, तर विंडोज सुरूच होणार नाही आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येईल. ही परत फिरवता येणारी गोष्ट आहे. दुसरी अडचण दिसत नाही, म्हणून ती अधिक वाईट. इंटेलच्या रेड १ मध्ये रेडची माहिती डिस्कच्या शेवटच्या भागात लिहिलेली असते, त्यामुळे एएचसीआयमध्ये दोन्ही डिस्क सुट्या आणि वाचता येण्याजोग्या दिसतात. ऑपरेटरने त्यांतल्या एका डिस्कवर दिवसभर काम केले आणि संध्याकाळी पद्धत पुन्हा 'रेड' केली, तर कंट्रोलरला या बदलाचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी दोन्ही प्रती अजून सारख्याच असतात. मग एक ब्लॉक या डिस्कवरून आणि दुसरा त्या डिस्कवरून वाचला जातो, आणि फाइली गुपचूप बिघडत जातात. डिस्क मेलेली परवडली, निदान ती मेल्याचे कळते.

रेड सोडायचेच असेल तर आधी सगळा डेटा तिसऱ्या, सुट्या डिस्कवर घ्यावा आणि मग निवांत नव्याने मांडणी करावी. ती तिसरी डिस्क तशीही हवीच, कारण चुकून पुसलेली फाइल रेड १ मध्ये दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते.

वेंगुर्ला_दुरुस्ती

ड्रायव्हरकडे वळण्याआधी केबल तपासून घ्यावी, असे सुचवतो. आमच्याकडे समुद्रालगतच्या दुकानांतून येणाऱ्या संगणकांत साटा केबलची टोके आणि वीजपुरवठ्याचे स्प्लिटर यांवर खाऱ्या हवेने थर बसलेला असतो, आणि पावसाळ्यात हे प्रमाण वाढते. कणकवली समुद्रापासून आत आहे, तरी दमटपणा काही कमी नाही.

यासाठी अंदाजाची गरज नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन इंटेल रेडच्या मागे असलेल्या डिस्कचेही स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी) बहुधा दाखवते. क्रमांक १९९ म्हणजे केबलवरून जाताना डेटा बिघडल्याच्या नोंदी. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा आठवडाभरात वाढतो का हे महत्त्वाचे. ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक डिस्कच्या पृष्ठभागाविषयी सांगतात. त्यातही १९७ शून्याच्या वर असेल, तर काही सेक्टर वाचताना डिस्क अडखळते आहे असे समजावे. सर्व आकडे कच्च्या मूल्याच्या रकान्यातले वाचावेत, शेजारचे १०० किंवा २०० हे आकडे निराळे असतात.

आणखी एक विचारतो. दोन्ही हार्ड डिस्क साध्या डेस्कटॉपसाठीच्या आहेत की रेडसाठीच्या? साधी डिस्क खराब सेक्टर मिळाला की तो वाचण्यासाठी मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ स्वतःशीच झटत बसू शकते. रेडसाठीची डिस्क सहसा ७ सेकंदांत हात टेकते आणि दुसऱ्या डिस्कवरून वाचू देते. अशा प्रसंगीही लक्षण आपण वर्णन केले तसेच दिसू शकते, त्यामुळे सारख्या लांबीच्या हँगवरून डिस्कला लगेच निर्दोष ठरवू नये.

कणकवली_छपाई

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. प्रत्येक हँगच्या शेवटी १२९ ची नोंद आहे आणि स्रोत 'आयएस्टोरएसी' असा आहे. ७, ११ आणि १५३ यांपैकी एकही नाही. तिन्ही डिस्कचे ५, १९७ आणि १९८ शून्य आहेत. एका हार्ड डिस्कवर १९९ चा आकडा १४ आहे, पण केबल काढून, पुसून पुन्हा बसवल्यापासून तो हललेला नाही आणि हँग मात्र चालूच आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्सखाली ड्रायव्हरची आवृत्ती पाहिली, तर ती संगणकासोबत मिळालेल्या आवृत्तीपेक्षा नवी आहे. म्हणजे अपडेटने ड्रायव्हर बदलला हे खरे दिसते.

नोंदींच्या वेळा कागदावर उतरवल्या तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मोठी फाइल कॉपी होत असताना किंवा सलग काम चालू असताना हँग कधीच होत नाही. दुपारचे जेवण आटोपून परतल्यावर, किंवा गिऱ्हाइकाशी बोलण्यात वेळ गेल्यावर पहिली फाइल उघडली, की हमखास होतो.

रत्नागिरी_सिस्टीम

ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे. खराब होत चाललेली डिस्क किंवा खराब केबल भार वाढला की त्रास देते. आपला संगणक विश्रांतीनंतर त्रास देतो. यावरून बोट साटा लिंकच्या वीजबचतीकडे जाते.

साटा जोडणी रिकामी असताना दोन प्रकारची डुलकी घेऊ शकते. 'पार्शल' नावाच्या हलक्या अवस्थेतून तिने १० मायक्रोसेकंदांच्या आत जागे व्हावे, आणि 'स्लंबर' या गाढ अवस्थेतून १० मिलिसेकंदांच्या आत, असे साटाचे मानक सांगते. हा खेळ ड्रायव्हर, कंट्रोलर आणि डिस्कचे फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्राम) अशा तिघांनी मिळून खेळायचा असतो. एखादी एसएसडी नव्या ड्रायव्हरशी जुळवून न घेता जागी होण्यात चुकली, तर ड्रायव्हर मुदत संपेपर्यंत वाट पाहत राहतो. मग रीसेट होतो, त्यात लिंक नव्याने जुळते आणि गाडी पुन्हा रुळावर येते. आपल्याकडील पूर्ण चित्र याला जुळते: आधी निवांतपणा, मग ठरावीक लांबीचा हँग, मग १२९, आणि स्मार्टमध्ये काही नाही.

दोन उपाय आहेत आणि ते एकाच दिवशी करू नयेत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी इंटेल रॅपिड स्टोरेजच्या प्रोग्राममध्ये परफॉर्मन्स या पानावर 'लिंक पॉवर मॅनेजमेंट' बंद करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. डेस्कटॉपवर या बचतीने विजेच्या बिलात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, ती लॅपटॉपच्या बॅटरीसाठी आहे. तेवढ्याने हँग थांबले नाहीत, तरच ड्रायव्हर मागे न्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते. ते फिकट दिसत असेल, तर 'अपडेट ड्रायव्हर' मधून संगणकावरच्याच यादीतून जुनी आवृत्ती निवडता येते. त्याआधी तिसऱ्या डिस्कवर डेटाची प्रत घेतलेली असली पाहिजे, कारण हा ड्रायव्हर बिघडला तर विंडोज सुरू होण्याचाच मार्ग बंद होतो. इंटरनेटवरून सर्वांत नवी आवृत्ती उतरवून बसवण्याचा मोह टाळा; इंटेलच्या प्रत्येक आवृत्तीचे ठरावीक चिपसेटशीच जुळते, म्हणून मदरबोर्डच्या निर्मात्याने आपल्या मॉडेलच्या पानावर दिलेलीच आवृत्ती घ्यावी.

कणकवली_छपाई

पहिला उपाय केल्यापासून १२९ ची एकही नवी नोंद नाही, जेवणाच्या सुट्टीनंतरही नाही. ड्रायव्हर तसाच ठेवला आहे. अपडेटने सेटिंग पुन्हा चालू केले तर कळावे, म्हणून ऑपरेटरला दर सोमवारी इव्हेंट व्ह्यूअर पाहायला सांगितले आहे.

एक शंका उरते. हँगच्या काळात वैतागून बटण दाबून संगणक बंद केल्याचे प्रसंग घडले आहेत, आणि लाइटही वरचेवर जाते. दोन्ही डिस्कवरच्या प्रती अजून सारख्या आहेत याची खात्री कशी करावी?

वेंगुर्ला_दुरुस्ती

त्याच इंटेल प्रोग्राममध्ये व्हॉल्यूम निवडून 'व्हेरिफाय' चालवावे. २ टीबीला काही तास लागतात आणि तोवर संगणक मंद वाटेल, म्हणून रात्री दुकान बंद करताना सुरू करावे आणि त्या रात्री विंडोज झोपी जाणार नाही अशी सोय करावी. 'दुरुस्त करा' हा पर्याय पहिल्या फेरीत निवडू नये. आधी फरक किती आहेत तेवढेच पाहावे, कारण दोन प्रतींपैकी बरोबर कोणती हे रेड १ ला ठरवता येत नाही. फरक आढळलेच, तर आधी डेटाची प्रत ताजी करून घ्यावी, महत्त्वाच्या फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच दुरुस्तीची फेरी चालवावी.

तिथेच व्हॉल्यूमच्या कॅशची (लेखन डिस्कवर जाण्याआधी मेमरीत थोडा वेळ ठेवण्याची) पद्धत दिसेल. ती 'राइट बॅक' असेल, तर लाइट जाताच मेमरीत राहिलेले लेखन डिस्कपर्यंत पोहोचत नाही. यूपीएसची बॅटरी संगणक नीट बंद होईपर्यंत तग धरते याची खात्री होईपर्यंत ती 'ऑफ' ठेवा.