तीन आठवड्यांच्या आत धावस्पर्धेचे टी-शर्ट आणि टॉवेल: सोलापुरात काय शक्य आहे?

पहाटेची_दौड

नमस्कार. आमचे क्रीडा मंडळ जानेवारीच्या पहिल्या रविवारी सोलापुरात १० किलोमीटरची धावस्पर्धा घेत असून नोंदणी ५०० स्पर्धकांवर थांबवायचे ठरले आहे. प्रत्येकाला स्पर्धेआधी टी-शर्ट आणि अंतिम रेषेवर पदकासोबत स्पर्धेचे बोधचिन्ह असलेला टॉवेल द्यावा, अशी कल्पना आहे. मुख्य प्रायोजक नुकताच निश्चित झाल्यामुळे बोधचिन्हांची मांडणी आता कुठे सुरू झाली आहे आणि हातात तीन आठवडेही उरलेले नाहीत. सोलापुरात राहून टॉवेलवर नुसता शिक्का मारणे शोभत नाही, बोधचिन्ह विणूनच घेतले पाहिजे, असा मंडळातील ज्येष्ठांचा आग्रह आहे. टी-शर्ट शहरात शिवून घ्यावेत की कोरे आणून छापावेत, छपाई कोणत्या पद्धतीने करावी आणि टॉवेल इतक्या दिवसांत खरोखर विणून मिळेल का, याबाबत या व्यवसायातील सदस्यांनी मार्गदर्शन करावे. टी-शर्ट गडद निळा असावा, असे प्रायोजकाने सुचवले आहे.

रंग_आणि_स्क्रीन

मी कापडावरील छपाईच्या व्यवसायात आहे, म्हणून टी-शर्टपुरते लिहितो.

शिवून घेण्याचा विचार सोडून द्यावा. आपल्या शहरात गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत, परंतु त्यांचा हात मुख्यतः शर्ट-पँटच्या कापडावर बसलेला आहे. होजिअरीचा टी-शर्ट बहुतेक ठिकाणी तिरुपूरहूनच येतो. शिवाय डिसेंबर म्हणजे शाळांच्या क्रीडा महोत्सवांचा आणि स्नेहसंमेलनांचा महिना असल्याने कारागीर मोकळे मिळणे कठीण आहे. तेव्हा कोरे टी-शर्ट आजच मागवावेत, बोधचिन्ह अंतिम होण्याची वाट पाहू नये. एकाच रंगात ५०० नग आणि त्यातही सर्व मापे हजर मिळणे हाच खरा वेळखाऊ भाग असतो; छपाई त्या मानाने लवकर उरकते.

आता छपाईबद्दल. सब्लिमेशनची (कागदावर छापून उष्णतेने कापडात उतरवायची) शाई पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरा रंग नसतो. त्यामुळे ती पॉलिएस्टरवर आणि तेही पांढऱ्या किंवा फिकट कापडावरच उठते. गडद निळ्या टी-शर्टवर ती दिसणार नाही आणि सुती कापडावर ती एका-दोन धुण्यांत फिकी पडते. गडद निळा हवाच असेल तर पांढऱ्या कापडावर निळ्यासकट सगळे डिझाइन छापून मग तुकडे शिवावे लागतात, म्हणजे पुन्हा शिलाई आलीच.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीच्या चौकटीतून (स्क्रीनमधून) शाई कापडावर दाबतात आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते. ५०० नगांसाठी एक किंवा दोन रंगांचे डिझाइन सर्वांत स्वस्त आणि लवकर होते. मात्र धावपटूंना सुती नव्हे, घाम लवकर सुकवणारा पॉलिएस्टरचा ड्राय-फिट टी-शर्ट हवा असतो आणि तेथे एक फसवी अडचण आहे. स्क्रीन प्रिंटिंगची प्लास्टिसोल (प्लास्टिकयुक्त) शाई पक्की करण्यासाठी साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. त्या उष्णतेने पॉलिएस्टरमधला रंग सुटून वरच्या पांढऱ्या शाईत उतरतो. छापल्या दिवशी अक्षरे शुभ्र दिसतात आणि काही दिवसांनी ती निळसर होतात. यासाठी कमी तापमानाला पक्की होणारी शाई किंवा खाली रंग अडवणारा थर वापरावा लागतो. आपला छपाईवाला याबद्दल स्वतःहून बोलत नसेल तर आपण विचारावे आणि उत्तर गोंधळलेले वाटले तर दुसरा गाठावा.

डीटीएफ पद्धतीत डिझाइन आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवतात. तिला रंगांची मर्यादा नाही आणि दहा नगही करता येतात. परंतु छातीभर मोठा पट्टा चिकटवला तर तेवढ्या भागातून हवा जात नाही आणि धावताना तो अंगाला चिकटतो. स्वयंसेवकांच्या पाठीवरील नावांसारख्या लहान कामाला ती उत्तम. स्पर्धकांसाठी माझे मत स्पष्ट आहे: गडद निळा ड्राय-फिट, त्यावर पांढऱ्या एकाच रंगात स्क्रीन प्रिंटिंग आणि प्रायोजकांची सर्व बोधचिन्हे पाठीवर त्याच पांढऱ्या रंगात.

ताणा_बाणा

टॉवेलबद्दल मी लिहितो, कारण आमचा संबंध अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमागांशी आहे.

आपल्या ज्येष्ठांचा आग्रह समजण्यासारखा आहे आणि वेळ असता तर मीही त्यांच्याच बाजूने बोललो असतो. पण टेरी टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक पायाच्या कापडाचा आणि दुसरा फंदांचा, म्हणजे टॉवेलवर उभ्या राहणाऱ्या सुताच्या वेटोळ्यांचा. बोधचिन्ह विणायचे तर जकार्डचे (विणीतच नक्षी काढणारे) माग हवेत, त्यासाठी डिझाइन स्वतंत्र बसवावे लागते, आपल्याला हव्या त्या छटेत सूत रंगवून घ्यावे लागते आणि त्यानंतर बीम भरणे, जोडणी, विणकाम, धुलाई, कापणी आणि कडांची शिलाई अशी रांग लागते. एवढ्या सगळ्या जुळणीसाठी ५०० नग ही फार लहान मागणी आहे. कोणी होकार दिलाच तरी दुसऱ्या एखाद्या मोठ्या मालाच्या मागे आपला माल उभा राहील. त्यात तारीख चुकली तर पुढे संक्रांत आहे. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, विशेषतः अक्षता सोहळ्याच्या सुमारास, कारागिरांकडून कामाची अपेक्षा करणेच चूक आहे.

त्याऐवजी तयार सोलापुरी टॉवेल घ्यावेत आणि त्यांवर यंत्राने भरतकाम करून घ्यावे. टॉवेल निवडताना एका टोकाला फंद नसलेली सपाट किनार आहे ना, हे पाहावे. भरतकाम त्या किनारीवर स्वच्छ बसते. फंदांवर केल्यास टाक्यांमधून फंद डोके वर काढतात. ते टाळण्यासाठी वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवावी लागते आणि तरीही बारीक अक्षरे बुजतात. म्हणून प्रायोजकाच्या बोधचिन्हाखालचे घोषवाक्य टॉवेलवर घेऊ नये.

वेळेचा हिशोबही सांगतो. बोधचिन्हात ८,००० टाके आहेत आणि यंत्र मिनिटाला ८०० टाके घालते असे धरले, तर एका फेरीला दहा मिनिटे लागतात. बारा हेडच्या, म्हणजे एकाच वेळी बारा टॉवेलवर भरतकाम करणाऱ्या, यंत्रावर ५०० टॉवेलच्या ४२ फेऱ्या होतात, म्हणजे नुसते टाके घालण्याचे सात तास. टॉवेल चौकटीत बसवणे, धागा तुटणे, मधले थांबे धरून दोन दिवस समजावेत. चार हेडचे यंत्र असेल तर हाच हिशोब तिप्पट होतो, म्हणून काम देण्यापूर्वी यंत्राचे हेड किती, हे विचारून घ्यावे. त्याआधी बोधचिन्हाचे पंचिंग (चित्राचे यंत्राला कळणाऱ्या टाक्यांत रूपांतर) आणि एक नमुना यांसाठी एक-दोन दिवस राखून ठेवावेत.

एक गोष्ट जाता जाता. कोणीतरी आपल्याला सब्लिमेशनने छापलेला मायक्रोफायबरचा नॅपकिन ‘सोलापुरी’ म्हणून दाखवेल. तो झटपट होतो आणि दिसतोही रंगीत, परंतु तो सुती टेरी नव्हे. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरगावच्या धावपटूच्या हातात या शहराच्या नावाने पॉलिएस्टर ठेवणे मला तरी पटत नाही.

अंतिम_रेषा

मी दुसऱ्या एका स्पर्धेच्या आयोजनात असतो. वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु बहुतेक वेळा उशीर यंत्रामुळे नव्हे, तर मंजुरीमुळे होतो. प्रायोजक मोबाईलवरून आलेले धूसर चित्र पाठवतो, छपाईवाला कोरल फाइल (कोरलड्रॉमधील मूळ, मोठी केली तरी न फाटणारी रेखाकृती) मागतो आणि चार दिवस या निरोपांतच जातात. प्रायोजकाला एकच शेवटची तारीख कळवावी आणि त्यानंतर आलेले बोधचिन्ह टी-शर्टवर येणार नाही, हे लेखी सांगावे. मंडळातही मंजुरीचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा. दहा जणांच्या गटात नमुना टाकला की दहा सूचना येतात आणि त्यांतल्या तीन अक्षराच्या आकाराबद्दल असतात.

टॉवेलवर वर्ष टाकू नये, कारण उरलेले टॉवेल पुढील वर्षी वापरता येतात. टी-शर्टवर मात्र वर्ष हवेच. धावपटू तो टी-शर्ट त्या वर्षासाठीच जपून ठेवतात.

मापे नोंदणीच्या अर्जातच, छातीच्या इंचांत विचारावीत. निरनिराळ्या उत्पादकांचे ‘एल’ सारखे नसते.

पहाटेची_दौड

सर्वांचे मनापासून आभार. आजच्या बैठकीत कोऱ्या टी-शर्टची मागणी नोंदवण्याचे ठरले आणि टॉवेल विणण्याचा आग्रह ज्येष्ठांनी ४२ फेऱ्यांचा हिशोब वाचल्यावर मागे घेतला. एकच प्रश्न शिल्लक आहे. मुख्य प्रायोजकाचे बोधचिन्ह चार रंगांचे असून ते पांढऱ्या एका रंगात छापण्यास त्यांच्या कार्यालयाची तयारी नाही. केवळ त्यांच्यासाठी चार स्क्रीन कराव्यात काय?

रंग_आणि_स्क्रीन

चार रंगांसाठी चार स्क्रीन पुरणार नाहीत. गडद कापडावर रंग उठावेत म्हणून खाली पांढरा थर द्यावा लागतो, म्हणजे पाच झाल्या. प्रत्येक रंग मागच्या रंगावर नेमका बसवावा लागत असल्याने नासाडीही वाढते. त्यांचे बोधचिन्ह बाहीवर सात-आठ सेंटीमीटरच्या आकारात डीटीएफने लावावे. त्या आकाराला हवेची अडचण येत नाही आणि रंग हुबेहूब मिळतात. फक्त ड्राय-फिटवर प्रेसची उष्णता बेताची ठेवण्यास सांगावे, नाहीतर कापडावर प्रेसचा चौकोनी चमकदार डाग राहतो.

याशिवाय स्पर्धकांचे चेस्ट नंबर डिजिटल छपाईने होतात आणि तेथे रंग कितीही वापरले तरी खर्च वाढत नाही. त्यांना चेस्ट नंबरच्या वरच्या पट्टीत चारही रंगांत मोठी जागा द्यावी आणि अंतिम रेषेवरील छायाचित्रांत टी-शर्टवरील छपाईपेक्षा तीच पट्टी आधी दिसते, हे त्यांना दाखवून द्यावे. बहुतेक प्रायोजक यावर राजी होतात. चेस्ट नंबर न फाटणाऱ्या कागदावरच छापून घ्यावेत आणि प्रत्येकाला चार पिना धरून थोड्या जास्तच मागवाव्यात.