मदत हवी आहे: समुद्र संशोधनासाठी बेळगावात निधी-दौड. पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे, परवानग्या कुठून काढायच्या?

टिळकवाडी_पहाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टिळकवाडी, वडगाव आणि खानापूरचे मिळून आम्ही पंधरा-वीस जण आहोत. नोंदणी केलेली संस्था नाही. कारवार-कोकण किनाऱ्यावर समुद्री कासवं आणि प्लॅस्टिक यांवर जे संशोधन चालतं, त्याला हातभार म्हणून ५ किमीची दौड घ्यायचा विचार आहे. माणसं ३०० धरली आहेत. प्रवेश शुल्क ₹३००, त्यात टी-शर्ट आणि मेडल. तारीख ८ जून, जागतिक महासागर दिन. जोडीला मार्कंडेय नदीकाठची स्वच्छता, कुंद्याचा स्टॉल, लकी ड्रॉ, आणि जमलं तर वेळासला कासवाची पिल्लं बघायला एक बस.

पैसे आमच्यातल्या एकाच्या यूपीआयवर घेऊन नंतर पाठवले तर चालतील का? ८०जीची (देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी) पावती कोण देणार? पोलीस आणि महापालिका यांच्याकडे काय-काय लागतं? आणि "बेळगावचा कचरा गोव्याच्या समुद्रात" असा बॅनर करायचा आहे, ते बरोबर आहे ना?

मार्कंडेयकाठ

बॅनरपासून सुरू करतो, कारण तो चुकला तर पहिल्याच भाषणात कुणीतरी भूगोलाचे शिक्षक उठून उभे राहतील.

बेळगाव शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेयात जातं, मार्कंडेय गोकाककडे घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुमचा नाला गोव्याकडे पाठ करून वाहतो. वाटेत कृष्णेवर आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर आहेत आणि शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. बराचसा कचरा काठावर आणि धरणांच्या फुगवट्यातच अडकतो, त्यामुळे तुमची बाटली समुद्रात पोचलीच असं छातीठोक म्हणता येत नाही.

पश्चिमेला जाणारं पाणी खानापूर तालुक्याचं. म्हादई भीमगडच्या जंगलातून निघून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि ती पूर्वेला जाते. "खानापूरचं पाणी दोन्ही समुद्रांना" असा बॅनर करा. खराही आहे, आणि खानापूरचे लोक त्यासाठी दहा रुपये जास्त देतील.

हिशेबनीस

एकाच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. तीन कारणं आहेत. त्या खात्यात आलेली रक्कम त्या माणसाच्या नावावर दिसते आणि आयकर खात्याने विचारलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. दुसरं, अनोळखी लोकांकडून शे-दीडशे व्यवहार येतात आणि त्यातलं एखादं खातं सायबर तक्रारीत अडकलेलं निघालं, की तुमच्या माणसाची रक्कम किंवा आख्खं खातं गोठतं. तिसरं, ८०जीची पावती फक्त ८०जी मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते, आणि तीही तिच्या स्वतःच्या खात्यात आलेल्या रकमेची. तुम्ही गोळा करून एकरकमी पाठवलेत तर पावती पाठवणाऱ्याच्या नावाने निघेल. तीनशे देणगीदार कोरडेच.

सरळ वाट अशी की आधी संस्था ठरवा. तिचं लेखी पत्र घ्या: अमुक कार्यक्रमासाठी अमुक तारखांदरम्यान आमच्या नावे निधी घेण्यास संमती, रक्कम अमुक कामाला वापरू. त्यांच्याच बँकेचा क्यूआर छापा आणि पैसे भरताना शेऱ्यात "बेळगाव दौड" लिहायला सांगा. नोंदणीच्या अर्जात नाव, पत्ता, पॅन आणि १२ अंकी यूटीआर क्रमांक (यूपीआय व्यवहाराचा क्रमांक) घ्या. यूटीआर नसेल तर संस्थेच्या बँक उताऱ्याशी जुळवणी करताना डोळे पांढरे होतात, कारण अर्धे लोक बायकोच्या नाहीतर मुलाच्या फोनवरून पैसे भरतात.

संस्था निवडताना १२एबी (संस्थेची आयकर खात्याकडची नोंदणी) आणि ८०जी आदेशाची प्रत मागा आणि त्यावरची मुदत बघा. ही मान्यता आता कायमची नसते. ८०जीची मान्यता साधारणपणे ५ वर्षांची असते, तात्पुरती असेल तर ३ वर्षांची.

दौडीचं प्रवेश शुल्क ही देणगी नाही. त्या बदल्यात टी-शर्ट, मेडल, केळं मिळतं. शुल्क वेगळं, देणगी वेगळी, अर्जावर रकानेही वेगळे. ₹२,००० च्या वरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना या सवलतीचा उपयोगच नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" असं सरसकट सांगत फिरू नका. दुकानदाराने पैसे देऊन बॅनरवर जाहिरात मागितली तर ते प्रायोजकत्व झालं. तिथे जीएसटीचा प्रश्न येतो, आधी सीएला विचारा.

परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्न येणारच. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईतून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परकीय योगदान धरलं जात नाही. अमेरिकन किंवा पोर्तुगीज पासपोर्टवाला (गोव्याकडचे पाहुणे लक्षात घ्या) मात्र परकीय स्रोत ठरतो, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी. संस्थेकडे एफसीआरएची (परकीय देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच त्याचे पैसे घेता येतात, आणि तेही तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच. क्यूआरवर नाही.

निपाणीहून पुढे कागल, गडहिंग्लज, चंदगड भागातही पेटी फिरवणार असाल तर राज्य बदललं. तिथे गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची जी परवानगी काढतात, तीच तुम्हालाही बघावी लागेल.

सायडिंग_नं_२

आता दौडीचं गणित. तुमच्याच आकड्यांवर, बेळगावातले ढोबळ दर धरून:

जमा ३०० × ₹३०० = ₹९०,०००. टी-शर्ट ₹१७० प्रमाणे ₹५१,०००. मेडल ₹६० प्रमाणे ₹१८,०००. रुग्णवाहिका ₹५,०००. पाणी, ओआरएस, केळी ₹६,०००. मंडप आणि स्पीकर ₹१२,०००. एकूण खर्च ₹९२,०००. समुद्राला मिळाले उणे दोन हजार.

टी-शर्ट आणि मेडल काढून टाका, शुल्क ₹२०० करा, कागदी बिब (छातीवर लावायचा नंबर) आणि प्रमाणपत्र ₹१० मध्ये बसवा. जमा ₹६०,०००, खर्च ₹२६,०००, शिल्लक ₹३४,०००. शिवाय पॉलिस्टरचा टी-शर्ट धुताना सूक्ष्म धागे सोडतो. प्लॅस्टिकविरुद्धच्या दौडीत तो वाटला तर कुणीतरी बोलणारच.

खरी रक्कम शुल्कातून येत नाही, देणगीतून येते. प्रत्येक धावणाऱ्याने घर, गल्ली, ऑफिस यांतून दहा देणगीदार आणायचे. "किलोमीटरमागे वीस रुपये" असं नुसतं कबूल करून घेऊ नका, दौडीनंतर वसुलीला फिरावं लागतं. ५ किमीचे १०० रुपये आधीच क्यूआरवर भरून घ्या.

तारीख बदला. ८ जूनला मृग लागलेला असतो आणि बेळगावचा मृग काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. दौड, मंडप, स्पीकर सगळं चिखलात. १ नोव्हेंबरच्या आसपास बंदोबस्त असतो, डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्या दिवसांत पोलीस तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. संक्रांतीनंतरचा जानेवारीतला रविवार, सुरुवात सकाळी ६.३०. फेब्रुवारी संपत आला की परीक्षांमुळे पोरं मिळत नाहीत.

मार्ग रेल्वे गेट ओलांडणारा नको. गेट पडलं की शंभर जण एका बाजूला, दोनशे दुसऱ्या बाजूला, आणि कोणीतरी खालून वाकून जाणार. काँग्रेस रोडच्या एकाच अंगाला अडीच किमी जाऊन परत फिरा. वळण फक्त एकच ठेवा आणि तिथे दोन स्वयंसेवक उभे करा. कॅम्पमधून जायचं असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाची वेगळी परवानगी लागेल, शक्यतो टाळा.

पोलीस आयुक्त कार्यालयात अर्ज किमान २० दिवस आधी द्या. मार्गाचा नकाशा, वेळ, अंदाजे संख्या, तीन जबाबदार व्यक्तींची ओळखपत्रं, रुग्णालयाचं रुग्णवाहिकेचं पत्र. वाहतूक शाखेचा ना-हरकत दाखला आणि स्पीकरची परवानगी वेगळी. खानापूर किंवा निपाणीत घेतलात तर अर्ज आयुक्तांकडे नाही, तिथल्या पोलीस ठाण्यामार्फत एसपी ऑफिसला. खेड्यात पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधी भेटा.

फ्लेक्स नको. २०१६ पासून कर्नाटकात फ्लेक्स, प्लॅस्टिकच्या पताका, ताटं, कप सगळ्यावर बंदी आहे. कापडी बॅनर रंगवून घ्या. मजकूर वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली मराठी. ६० टक्के कन्नडचा नियम नामफलकांसाठी आहे, पण बॅनरलाही तोच हिशेब ठेवला की कार्यक्रम समुद्रावरच राहतो, दुसरीकडे जात नाही.

पाणी माणशी एक लिटर धरा. ३०० लिटर म्हणजे २० लिटरचे १५ कॅन, तीन जास्तीचे घ्या. निम्मे वळणावर, निम्मे शेवटी. भाड्याचे स्टीलचे पेले २०० पुरतात, धुवायला दोन मोठी घमेली आणि चार माणसं ठेवा. ही चार माणसं सगळे विसरतात आणि सातच्या सुमारास कुणीतरी कागदी कप आणायला पळतं. त्या कपांना आतून प्लॅस्टिकचाच थर असतो.

टिळकवाडी_पहाट

टी-शर्ट रद्द. जानेवारी पक्का. लकी ड्रॉ, नदीची स्वच्छता आणि बस यांचं काय? आणि पैसे नक्की कुठल्या कामाला द्यावेत?

हिशेबनीस

लकी ड्रॉ सोडा. पैसे घेऊन तिकीट द्यायचं आणि चिठ्ठी काढून बक्षीस द्यायचं म्हणजे लॉटरी. कर्नाटकात लॉटरी २००७ पासून बंद आहे. बक्षीस द्यायचंच असेल तर सर्वांत जास्त देणगीदार आणणाऱ्याला द्या, तिथे नशिबाचा भाग नाही. कुंद्याचा स्टॉल अन्नपरवाना असलेल्या मिठाईवाल्यालाच लावू द्या. त्याने विक्रीतला ठरलेला हिस्सा संस्थेच्या क्यूआरवर भरायचा. घरी करून विकलात तर एफएसएसएआयची नोंदणी तुमच्या अंगावर.

मार्कंडेयकाठ

स्वच्छता करा, पण किलोत मोजू नका. भिजलेली एक गोधडी दोनशे वेफर्सच्या पाकिटांपेक्षा जड भरते आणि "पाचशे किलो कचरा काढला" या वाक्यातून संशोधकाला काहीच कळत नाही. काठाचा १०० मीटर पट्टा दोरीने आखा, दोन्ही टोकांचं जीपीएस लिहून ठेवा, आणि नग मोजा: बाटल्या, झाकणं, पाकिटं, पिशव्या, थर्मोकोल, चपला, गुटख्याच्या पुड्या, औषधांचं पॅकिंग. पाच जणांचा गट, त्यातला एक जण फक्त लिहिणारा. तोच पट्टा पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजला तर पुराने काय नेलं याचा अंदाज येतो. एकदाच मोजून सोडलेला आकडा फारसा कामाचा नाही. जाड रबरी हातमोजे आणि बूट हवेत, सुया आणि काच पत्र्याच्या डब्यात. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये, लेप्टोचा धोका असतो. कचरा उचलायला महापालिकेची गाडी आदल्या आठवड्यात लेखी ठरवा, नाहीतर भरलेली पोती काठावरच राहतात आणि पहिल्या पावसात परत नदीत.

बस नको. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी ४५ ते ६० दिवसांत उबतात आणि दिवस वाळूच्या तापमानावर हलतो. पंधरा दिवस आधी ठरवलेल्या रविवारी घरट्यातून पिल्लं येतीलच असं कुणी सांगू शकत नाही. पैसे भरलेले चाळीस जण आणि रिकामं घरटं असं झालं की पिल्लं सोडणाऱ्यांवर दबाव येतो, मोबाइलचे उजेड सुरू होतात. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं आहे, किनाऱ्यावर शब्द वन खात्याचा.

पैसे कशाला? उपग्रह टॅगच्या (कासव कुठे फिरतं ते उपग्रहाला कळवणाऱ्या यंत्राच्या) मागे लागू नका. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासला 'प्रथमा' नावाच्या कासवाला टॅग लावला तेव्हापासून सगळ्यांना तेच हवंय. पण एका टॅगचा खर्च लाखांत जातो, उपग्रहाकडून माहिती घ्यायचे पैसे वेगळे, आणि तुमचे ३४ हजार त्यात दिसणारही नाहीत. त्यापेक्षा हंगामात रात्री किनारा चालणाऱ्या स्थानिक मदतनिसाचं दोन महिन्यांचं मानधन, होडीचं डिझेल, घरट्यात ठेवायचे तापमान नोंदणारे छोटे लॉगर अशी कामं मागा. तापमानावर पिल्लं नर की मादी हे ठरतं, म्हणून त्या नोंदी मोलाच्या. यंत्रांना अनुदान मिळतं, रोजच्या खर्चाला मिळत नाही, ही या कामाची नेहमीची अडचण. मात्र लॉगर ठेवायला वन खात्याची परवानगी लागते, ती संस्थेकडे आहे का ते पत्रातच लिहून घ्या.

दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं कारवार केंद्र यांच्याकडून वक्ता मागा, देणगी देऊ करू नका. सरकारी प्रयोगशाळेत पैसा बहुधा प्रकल्पाच्या नावाने आणि लेखी करारानेच येतो, तीनशे छोट्या पावत्यांसाठी ती जागा नव्हे.

टिळकवाडी_पहाट

समजलं सर. शेवटचं एक. दौडीच्या दिवशी म्हातारी माणसं रोखच देणार. त्यांना नाही कसं म्हणायचं?

हिशेबनीस

नाही म्हणू नका. संस्थेकडूनच क्रमांक छापलेली पावतीपुस्तकं मागवा, तीन पुरेत. पुस्तक कुणाच्या हातात गेलं त्याची सही घ्या. पेटी ठेवणार असाल तर कुलूप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. मोजणी जागेवरच, दोघांनी मिळून, नोटांचा तपशील कागदावर लिहून दोघांच्या सह्या. त्या रोख रकमेतून चहाचे पैसेसुद्धा काढायचे नाहीत, खर्च वेगळ्या खिशातून. सोमवारी बँक उघडली की संस्थेच्या खात्यात भरणा करा आणि चलनाचा फोटो व कोऱ्या राहिलेल्या पावत्यांचे क्रमांक त्याच दिवशी संस्थेला पाठवा. खराब झालेली पावती फाडून फेकू नका, "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवा.