मिनी-सीईएक्स कागदावरच राहतं, वॉर्डात रुजत नाही. अंमलबजावणीशास्त्र इथे नेमकं कसं वापरायचं?

प्रश्न (मेडिसिन, सोलापूर)

नमस्कार. आमच्याकडे एमबीबीएसच्या मेडिसिन पोस्टिंगमध्ये मिनी-सीईएक्स (विद्यार्थी खरा पेशंट तपासताना शिक्षकाने बघायचं, गुण द्यायचे आणि लगेच अभिप्राय द्यायचा) सुरू करायचं ठरलं. एमईयूची (कॉलेजच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची) कार्यशाळा झाली, फॉर्म छापले, परिपत्रक निघालं. तरी पोस्टिंगच्या शेवटच्या दोन दिवसांत सगळे फॉर्म एकगठ्ठा भरले जातात. नऊपैकी सरसकट 6 किंवा 7 गुण आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘गुड’. विचारलं की उत्तर एकच, वेळ नाही. चार युनिटं आहेत. पुढच्या बॅचपासून हे नीट प्रकल्प म्हणून हाती घ्यायचंय. अंमलबजावणीशास्त्र, म्हणजे ठरलेली पद्धत प्रत्यक्षात कशी रुजवायची याचा अभ्यास, त्यातल्या सीएफआयआर, री-एम, प्रॉक्टर या चौकटी वाचल्यात, पण सुरुवात कुठून करायची आणि मोजायचं काय?

उत्तर १

मॅडम, फ्रेमवर्क जरा बाजूला ठेवा. आधी एकच वाक्य लिहा: कोणी, काय, कुठे, कधी, किती वेळा. उदाहरणार्थ, ‘युनिटमधल्या प्रत्येक शिक्षकाने आठवड्याला 2 विद्यार्थ्यांना खऱ्या पेशंटसोबत 15 मिनिटं बघायचं आणि तिथेच 5 मिनिटं बोलायचं.’ मग हिशोब मांडा. 16 विद्यार्थी, प्रत्येकी 2 वेळा, म्हणजे 32 निरीक्षणं. 4 शिक्षक आणि 4 आठवडे धरले तर एकाच्या वाट्याला आठवड्याला 2 येतात, म्हणजे तासाभराच्या आतलं काम. हा कागद समोर ठेवून बोललात की ‘वेळ नाही’ या उत्तरामागचं खरं कारण बाहेर येतं.

ते कारण सहसा तीनपैकी एक असतं. पहिलं, ठरलेली वेळच नाही, राउंड लांबला की हे आपोआप गळतं. दुसरं, विद्यार्थ्याला तोंडावर काय सांगायचं ते सुचत नाही. तिसरं, कमी गुण दिले तर ते अंतर्गत मूल्यमापनात धरले जातील अशी भीती, म्हणून सगळ्यांना 7. कार्यशाळा फक्त दुसऱ्यावर चालते. पहिल्यासाठी वेळापत्रक बदलावं लागतं. तिसऱ्यासाठी विभागप्रमुखांनी लेखी द्यायला हवं की हे गुण निकालात धरले जाणार नाहीत. 2015 च्या एरिक यादीत (नवी पद्धत रुजवण्याच्या उपायांची तज्ज्ञांनी केलेली यादी) 73 अंमलबजावणी-उपाय आहेत, प्रशिक्षण हा त्यातला एक प्रकार. आपल्याकडे बहुतेक प्रकल्प तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात, याचं वाईट वाटतं.

सीएफआयआर (2009, सुधारित 2022), म्हणजे अंमलबजावणीच्या आड काय येतं ते पाच क्षेत्रांत शोधणारी चौकट, इथे कामाला येते. त्या पाच क्षेत्रांतून प्रत्येकी दोन-तीन प्रश्न घ्या आणि शिक्षक, रेसिडेंट, विद्यार्थी यांना वेगवेगळं विचारा. एकाच खोलीत बसवलंत तर रेसिडेंट तोंड उघडणार नाहीत.

आणखी एक. काय बदलायचं नाही ते आधी ठरवा. खरा पेशंट, प्रत्यक्ष बघणं, लगेच अभिप्राय ही तीन अंगं पक्की. फॉर्मचा रंग, जागा, गुणांची पट्टी हे प्रत्येक युनिटने आपल्या सोयीने बदललं तरी चालेल.

उत्तर २

सोलापूरच्या दृष्टीने दोन गोष्टी. ओपीडीच्या आणि पोस्ट-इमर्जन्सीच्या (इमर्जन्सी ड्युटीनंतरच्या) दिवशी हे होणारच नाही, तो आग्रह सोडा. प्रत्येक युनिटचे उरलेले दिवस बघून राउंड संपल्यावरची ठरावीक अर्धा तासाची जागा निवडा आणि पेशंट आदल्या संध्याकाळी रेसिडेंटने नक्की करून ठेवावा. नाहीतर बरीच निरीक्षणं ‘आत्ता योग्य पेशंट नाही’ म्हणून रद्द होतात. आषाढीच्या आधी-नंतरचे आठवडे आराखड्यातून वगळा, पंढरपूरच्या ड्युट्या लागल्या की युनिटमध्ये माणूसच उरत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. शहराच्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा किंवा अक्कलकोटकडचा कानडी बोलणारा पेशंट असला की विद्यार्थी नातेवाइकामार्फत विचारतो. पोरगा विचारतो ‘छातीत कसं दुखतं?’, पेशंटची सून दोन मिनिटं सासऱ्यांशी बोलते आणि इकडे सांगते, ‘दुखतंय म्हणतात.’ पंधरा मिनिटं संपतात, हिस्टरीला 4 गुण पडतात, आणि खरं तर त्यातून विद्यार्थ्याबद्दल काहीच कळलेलं नसतं. अशा वेळी फॉर्मवर ‘दुभाषी होता’ अशी खूण करा आणि 10 मिनिटं वाढवा, नाहीतर त्या पेशंटवर फक्त शारीरिक तपासणी बघा.

उत्तर ३

मोजण्याबद्दल. प्रॉक्टर यांच्या गटाने 2011 मध्ये आठ अंमलबजावणी-निष्पत्ती (पद्धत रुजली का हे तपासायचे निकष) मांडल्या. आठही मोजायला जाऊ नका, तीन पुरेत. स्वीकार: किती शिक्षकांनी निदान एकदा केलं. निष्ठा: तिन्ही पक्की अंगं पाळली का. टिकाव: प्रकल्पाचा माणूस बाजूला झाल्यावर सहा महिन्यांनी काय उरलं. विद्यार्थी किती शिकले हा वेगळा प्रश्न आहे. गोष्ट घडलीच नसेल आणि तुम्ही परीक्षेचे गुण तपासलेत, तर ‘मिनी-सीईएक्सचा उपयोग नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

निष्ठा तपासायला फॉर्मवर सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहून घ्या, आणि ‘गुड’ची सोय काढून दोन ओळी सक्तीच्या करा: काय जमलं, पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं. एका संध्याकाळी एकाच पेनाने भरलेला गठ्ठा लगेच ओळखू येतो.

युनिटं एकदम सुरू करू नका. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि दर 4 आठवड्यांनी एक युनिट घ्या. चार युनिटांवर संख्याशास्त्रीय कसोटीला फारसं बळ येत नाही, त्यापेक्षा आठवड्यागणिक रन चार्ट (दर आठवड्याला किती निरीक्षणं झाली याचा आलेख) काढा. सुरुवातीच्या आठवड्यांच्या मध्यकाच्या (मधल्या आकड्याच्या) एकाच बाजूला सलग 6 बिंदू आले तर बदल खरा धरा. एथिक्स कमिटीची परवानगी सुरुवातीलाच घ्या, आणि विद्यार्थ्यांची संमती गुण देणाऱ्या शिक्षकाने घेऊ नये.

प्रश्नकर्ती

फार उपयोगी. कागदी फॉर्मऐवजी गुगल फॉर्म ठेवला तर?

उत्तर १

वेळेची नोंद आपोआप होते, तेवढा फायदा. पण वॉर्डात रेंज मिळते का ते आधी बघा. आणि फॉर्म विद्यार्थ्याच्या मोबाइलवर उघडून शिक्षकाच्या हातात द्या. शिक्षकाला लिंक पाठवलीत तर ती व्हॉट्सअॅपवरच राहील आणि पुन्हा शेवटच्या दिवशी भरली जाईल.